शिल्लक कोणाची?

एखाद्या वस्तूत जेवढी ताकद आहे तेवढी वापरली नाही, तर उरलेली वाया गेली असं म्हणायचं का? मला हा प्रश्न टर्बो गाड्यांच्या ट्यूनिंगमुळे पडला. उत्तर शोधायला निघालो इंजिनाच्या दिशेने आणि पोचलो नीतिशास्त्रात.

ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरणारं एक छोटं चाक. ते मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं, आणि एक लिटरचं इंजिन दीड लिटरच्या इंजिनाचं काम करतं. हवा किती दाबायची, ठिणगी कधी टाकायची, पेट्रोल किती फवारायचं, हे सगळं ईसीयू नावाच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये तक्त्यांच्या रूपात लिहिलेलं असतं. त्याला मॅप म्हणतात. लॅपटॉप जोडून तक्त्यातले आकडे बदलले, की एकही पार्ट न बदलता टर्बो गाडीची ताकद पंधरा-वीस टक्क्यांनी वाढू शकते. ट्यूनिंगवाल्यांच्या भाषेत हे ‘स्टेज वन’.

कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाला याचा मोह पडला नाही तरच नवल. पण मग साहजिकच प्रश्न येतो, की एवढं सोपं आहे तर कंपनीनेच का केलं नाही? माझ्या एका मित्राने आपली टर्बो हॅचबॅक मॅप करून घेतली आहे. त्याचं उत्तर तयार असतं : “अरे, कंपन्या घाबरट असतात. तुझीच ताकद तुझ्यापासून लपवून ठेवतात.”

त्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. एकच इंजिन दोन वेगवेगळ्या ताकदींत, दोन वेगवेगळ्या किमतींना विकण्याचा धंदा कंपन्या करतातच. पण राखून ठेवलेली ताकद नुसती पडून नसते. ती काय काम करते हे कळायला नॉकिंग समजून घ्यावं लागतं.

प्लगने ठिणगी टाकली, की आग मिश्रणातून शिस्तीत पसरायला हवी. दाब आणि उष्णता फार वाढली, तर कोपऱ्यात राहिलेलं मिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपणहून पेटतं आणि दाबाची लाट पिस्टनवर आदळते. हे नॉकिंग. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं आणि जळणारा वायू 2000 अंशांच्या वर असतो. तरीही ॲल्युमिनियमचा पिस्टन टिकतो. त्याच्या अंगालगत वायूचा पातळ, त्यामानाने थंड थर असतो आणि आलेली उष्णता सिलिंडरच्या भिंतीत आणि ऑइलमध्ये निघून जात असते. नॉकिंग हा थरच फाडून टाकतं. मग रिंगांच्या मधल्या कडा तुटतात, पिस्टनला भोक पडतं.

आता कंपनीत बसून मॅप लिहिणाऱ्या इंजिनिअरचा विचार करा. ही गाडी कोण घेणार हे त्याला माहीत नाही. ती मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात चालेल. कुणीतरी पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन, मायलेजच्या लोभाने वरचा गिअर न सोडता आंबोलीचा घाट चढेल. छोट्या टर्बो इंजिनांना कमी आरपीएमवर असं रेटणं फार महागात पडू शकतं. कुणाच्या टाकीत भेसळीचं पेट्रोल जाईल, कुणी ऑइल बदलायचंच विसरेल. या सगळ्या अनोळखी लोकांसाठी त्याने थोडा दाब कमी ठेवलेला असतो, ठिणगी थोडी उशिरा ठेवलेली असते. आजी डाळीच्या डब्यात चार नोटा दडवून ठेवते, तशी ही शिल्लक असते.

ही शिल्लक न ठेवता गाडी विकली तर काय होतं, याचं उदाहरण इतिहासात आहे. 1962 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने ‘ओल्डस्मोबिल जेटफायर’ आणली. लोकांना विकत घेता येणाऱ्या पहिल्या टर्बो गाड्यांपैकी ती एक. साडेतीन लिटरचं व्ही-8 इंजिन, ताकद 215 हॉर्सपॉवर. नॉकिंग टाळायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारलं जायचं. त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं झोकदार नाव होतं. ती टाकी मालकाने वेळोवेळी भरायची. संपली तर एक झडप टर्बोचा दाब रोखायची, म्हणजे इंजिन वाचायचं पण गाडी मंदावायची. लोकांनी टाक्या भरल्या नाहीत, तक्रारी मात्र केल्या. 1963 नंतर ती गाडी बंद झाली. पुढे कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. त्या इंजिनाचं गणित बरोबर होतं. फक्त मालक दक्ष असेल असं त्यात गृहीत धरलं होतं.

स्वीडनच्या साबने पुढे वेगळा रस्ता धरला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इंजिनाच्या ब्लॉकवर नॉकिंग ‘ऐकणारा’ सेन्सर बसवला. पेट्रोल हलकं निघालं आणि इंजिन ठोकायला लागलं, की यंत्रणा टर्बोचा दाब आपोआप उतरवायची. माणूस चुकणार हे मान्य करून केलेली ही रचना. आज नॉक सेन्सर जवळपास प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत असतो.

दुसऱ्या टोकाला आहेत त्याच दशकातल्या फॉर्म्युला वनच्या टर्बो गाड्या. बीएमडब्ल्यूच्या दीड लिटरच्या चार सिलिंडर इंजिनातून क्वालिफाइंगसाठी हजाराहून जास्त हॉर्सपॉवर काढली जायची. मोजक्या लॅप झाल्या, की त्या इंजिनाचं काम संपलं. एक पैसाही शिल्लक न ठेवलेलं इंजिन, पण त्यात मला काही अनैतिक दिसत नाही. ड्रायव्हर, मेकॅनिक, टीमचा मालक, सगळ्यांना माहीत होतं की हे इंजिन आज संपणार आहे.

इथे मला जॉन रॉल्स आठवतो. 1971 च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या पुस्तकात त्याने एक कल्पना मांडली. समाजाचे नियम ठरवायला बसताना समजा, की आपल्यासमोर अज्ञानाचा पडदा आहे. त्या समाजात आपण श्रीमंत असू की गरीब, धडधाकट की आजारी, काहीच ठाऊक नाही. अशा वेळी ठरवलेले नियम न्याय्य निघतील, कारण सगळ्यात वाईट जागी आपणही असू शकतो. कंपनीचा मॅप मला असाच पडद्याआड बसून लिहिलेला वाटतो. त्यामागे वॉरंटीच्या खर्चाची भीती असते, निव्वळ माणुसकी नव्हे, हे कबूल. परिणाम मात्र तोच.

मग ट्यूनिंग म्हणजे काय? पडदा बाजूला करणं. ट्यूनर म्हणतो, मला हा मालक माहीत आहे, त्याचं पेट्रोल माहीत आहे, त्याचा रस्ता आणि पाय माहीत आहे. अनोळखी लोकांसाठी ठेवलेल्या शिलकीतला थोडा भाग याला देतो. मला हे रास्त वाटतं. अट एकच, की ते ‘माहीत असणं’ खरं असायला हवं.

चांगल्या ट्यूनरचं बरंचसं काम हे माहीत करून घेण्यातच जातं. तो आधी आहे त्या अवस्थेत गाडीचा डेटा गोळा करतो. मालकाला रोज जे पेट्रोल मिळतं, त्यावरच मॅप बसवतो. जर्मनीतल्या 98 ऑक्टेनसाठी बनवलेला मॅप डाउनलोड करून आपल्या त्याहून कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालवणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने गाडी चालवणं. कमी आरपीएमवर टॉर्क तो मुद्दाम आवरता घेतो, कारण कनेक्टिंग रॉड वाकतात ते तिथल्या दाबाने. फुल थ्रॉटलला मिश्रणात पेट्रोल थोडं जास्त ठेवतो, म्हणजे आतली उष्णता काबूत राहते. डायनोवर एकदा चांगला आकडा आला म्हणून थांबत नाही, इंजिन तापवून पुन्हा तपासतो. आणि नॉकिंगच्या काठापासून ठिणगी दोन-तीन अंश मागेच ठेवतो. म्हणजे शिल्लक तोही ठेवतो. याउलट काही जण आकडा वाढावा म्हणून नॉक सेन्सरची संवेदनक्षमताच कमी करतात. घरातला धुराचा अलार्म फार वाजतो म्हणून त्यात बोळा कोंबावा, तसं.

इथपर्यंत माझं आणि मित्राचं एकमत आहे. भांडण पुढे आहे. त्याला आता गाडी विकायची आहे.

“जुना मॅप परत टाकायचा आणि विकायची. कुणाला कळतंय?” तो म्हणाला.

“घेणाऱ्याला सांगणार नाहीस?”

“अरे, गाडी होती तशी करूनच देतोय ना?”

या वाक्यावर मी बराच विचार केला, कारण माझ्या नोकरीत ते खरं असतं. सर्व्हरवर नवं व्हर्जन टाकलं, बिघडलं, जुनं परत आणलं. सर्व्हर होता तसा झाला. त्याला आम्ही रोलबॅक म्हणतो. धातूला रोलबॅक नसतो. दोन वर्षं जास्त टॉर्क सोसलेला क्लच, गिअरबॉक्सचे दाते, पिस्टनच्या कडा, टर्बोचं बेअरिंग यांच्यावर तो हिशेब लिहिलेला राहतो. आकडे पुसता येतात, झीज पुसता येत नाही. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित तिसऱ्या वर्षी, भर रात्री घाटात होईल.

“गाडी माझी, पैसे माझे” हा युक्तिवाद मी मान्य करतो, गाडी त्याची आहे तोपर्यंत. तो जोखीम घेत होता आणि मजाही घेत होता. विकताना मात्र तो मजा स्वतःकडे ठेवून जोखीम दुसऱ्याला देतो, आणि त्या दुसऱ्याला ती दिसतही नाही. पडदा पुन्हा खाली पडलेला असतो. आत कोण येणार माहीत नाही, आणि शिल्लक मात्र खर्च झालेली.

मित्र म्हणतो, मॅप केलेली आहे असं सांगितलं तर वीस-तीस हजार कमी येतील. येतील. ते वीस-तीस हजार म्हणजे त्याने दोन वर्षं वापरलेल्या शिलकीची किंमत आहे. ती कुणीतरी भरणारच आहे. ज्याने वेग उपभोगला तो भरणार, की ज्याला काही माहीतच नाही तो, एवढंच त्याला ठरवायचं आहे.