खिडकीतून पाहणारा

विनोद अश्लील आहे की नाही, हे ठरवायचं कोणी? सांगणाऱ्यानं, ऐकणाऱ्यानं, की शेजारच्या खुर्चीत पदर तोंडाला लावून हसू दाबणाऱ्या बाईनं? प्रश्न जुनाच आहे, पण आम्हां इंदूरकर मराठी मंडळींना तो दोन भाषांतून पडतो, म्हणून जरा जास्त छळतो. शाळेत गुरुजी ‘चेष्टा करो’ म्हणाले की त्याचा अर्थ प्रयत्न करा असा होई. घरी येऊन चेष्टा केली तर आजी डोळे वटारी. शब्द एकच, उंबरठ्याबाहेर सद्गुण आणि उंबरठ्याच्या आत आगाऊपणा. अशा गावात वाढलेल्या माणसाला द्व्यर्थ म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. जुनी इंदूर हे नावच पाहा. हिंदीनं खरं तर ‘पुरानी’ म्हणायला हवं, पण ‘जूनी’ तिनंही आपलीच म्हणून ठेवून घेतली आहे.

हा विषय निघाला की दादा कोंडके यांना टाळून पुढं जाता येत नाही. ‘सोंगाड्या’ १९७१ चा. पुढं त्यांच्या नऊ चित्रपटांनी ओळीनं रौप्यमहोत्सव केले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. आम्हां सीमेबाहेरच्यांना मात्र दादा खऱ्या अर्थानं भेटले ते १९८४ नंतर, ‘तेरे मेरे बीच में’ आणि ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ या हिंदी नावांनी. तोवर मराठी चावटपणा ही आमची घरातली गोष्ट होती. शेजारच्या घरात तो कळत नव्हता, त्यामुळे आमची सोज्वळ म्हणून असलेली ख्याती शाबूत होती. हिंदी पोस्टर चौकात लागलं आणि शेजारचे काका मिस्कीलपणे विचारू लागले, ‘‘क्यों भाऊ, ये आपके ही हैं ना?’’ नाही कसं म्हणणार?

दादांचा बचाव प्रसिद्ध आहे. वाक्य साधं आहे, घाण तुमच्या मनात आहे. सेन्सॉरशी ते याच शस्त्रानं भांडत. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो अर्धाच खरा आहे. संस्कृत साहित्यशास्त्रानं श्लेषाला अलंकार मानलं आणि अश्लीलतेला दोष. मम्मटानं त्या दोषाचे लाज, किळस आणि अमंगल असे तीन प्रकार सांगितले आणि प्रणयाच्या गोष्टीत पहिला प्रकार दोष राहत नाही, हेही मान्य केलं. म्हणजे प्रसंग पाहायचा, माणसं पाहायची. आपल्या न्यायालयानंही फार वेगळं सांगितलेलं नाही. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली आणि खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली ते निर्दोष सुटले. अश्लीलतेची कल्पना समाजागणिक बदलते, असं न्यायालयानं त्या वेळी म्हटलं. (दिवाळी अंकात लिहिताना ही आठवण बरी असते.)

पण ‘घाण तुमच्या मनात’ असं म्हणणारा एक गोष्ट लपवतो. दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात असतो हे खरं; तिथं जाणारी वाट मात्र सांगणाऱ्यानंच झाडून-सारवून ठेवलेली असते. ‘अंधेरी रात में’ हे नाव दिवाबत्तीच्या सोयीसाठी ठेवलेलं नव्हतं. वाट करून दिल्यावर तो अंग काढून घेतो आणि पकडला जातो तो हसणारा. त्यातही पुरुष हसला तर रसिक ठरतो. पोरगी हसली तर ‘हिला बरं कळलं!’ द्व्यर्थी विनोदातला अन्याय मला इथं दिसतो. ज्यानं म्हटलं त्याला साक्षीदार नाही आणि जिला कळलं तिची झडती.

कारण चावटपणाचंच वावडं म्हणाल, तर माळव्यातलं लग्न पाहावं. मांडवात बायका व्याह्याच्या नावानं गाळी गातात; त्यापुढं दादांचे संवाद म्हणजे हरिपाठ. पण तिथं म्हणणाऱ्या बायका आहेत, नाव घेऊन म्हणतात, आणि ज्याच्याविषयी म्हणतात तो समोर पान चघळत हसत बसलेला असतो. गाळी मिळाल्या नाहीत तर त्यालाच अपमान वाटेल. तिथं ‘मी तसं म्हटलंच नाही’ असं कोणी म्हणत नाही.

आमच्या घरी दिवाळीत ‘आवाज’ येई. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेला हा अंक त्याच्या खिडकीचित्रांसाठी प्रसिद्ध. पानाला चौकोनी भोक, त्यातून भलतंच काही दिसतंय असं वाटायचं. पान उलटावं तर मागं अगदी निरुपद्रवी चित्र. काका तो अंक कपाटावर ठेवत आणि आम्ही सगळे स्टूल कुठं आहे हे जाणून होतो. पान उलटल्यावर फजिती व्हायची ती बघणाऱ्याची. चित्रातल्या बाईचं काहीच बिघडत नसे. ती आपली पोळ्या लाटत असायची.

आता याच्या शेजारी ठेवा ‘पोर्कीज’. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या पोरांच्या चावट सिनेमांची जी लाट आली, तिचा हा म्होरक्या. त्यातही भोकच आहे, पण मुलींच्या न्हाणीघराच्या भिंतीला. पोरं तिथून डोकावतात आणि प्रेक्षकालाही त्याच भोकाला डोळा लावायला बसवलं जातं. १९८४ च्या ‘रिव्हेंज ऑफ द नर्ड्स’मध्ये तर नायक दुसऱ्याच्या मुखवट्याआड राहून मुलीला फसवतो आणि सिनेमा तो त्याचा विजय मानतो. त्याच काळातली तरुणांची लाडकी नटी मॉली रिंगवॉल्ड हिनं ‘द ब्रेकफास्ट क्लब’ हा आपलाच सिनेमा पुढं मुलीबरोबर पाहिला आणि तिला अस्वस्थ वाटलं. २०१८ साली तिनं त्याविषयी लिहिलं. शब्द किती उघडे आहेत याच्याशी त्या अस्वस्थतेचा संबंध फार थोडा. बघणाऱ्याला पान उलटावंच लागत नाही, याच्याशी आहे.

‘सोंगाड्या’तला नाम्या माझ्या मते खिडकीचित्राच्या बाजूचा. चावट अर्थ सगळ्या थेटराला कळतो, फक्त त्यालाच नाही. हसू येतं ते त्याच्या भोळेपणाचं. समोर उषा चव्हाणांची कलावती शहाणी आहे, जगाला ओळखून आहे. तमाशातल्या गवळणीत मावशी जशी पेंद्याला पुरून उरते, तीच ही परंपरा. ‘विच्छा माझी पुरी करा’ गाजवून आलेल्या दादांच्या ती अंगात मुरलेली होती. पण १९८६ साली दादा चौपन्न वर्षांचे होते. हाफपँट तीच, लोंबणारी नाडी तीच, भोळेपणा मात्र आता कपडेपटातून काढून अंगावर चढवलेला. नायकाला सगळं कळतं हे आपल्याला कळू लागलं की विनोदाची जात बदलते. हिंदीत गेल्यावर वग मागं राहिला, मावशी मागं राहिली, नुसतं शीर्षक उरलं. मराठीपणाची अब्रू गेली म्हणून मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या नावांना उलटायला पानच नव्हतं, हे खटकतं. असो.

गेल्या उन्हाळ्यात भाचीनं ‘सोंगाड्या’ लावला. तिचं मराठी अडखळतं, दर दोन मिनिटांनी ‘‘मतलब?’’ पंचाहत्तरीच्या मावशी शेजारीच होत्या. मला वाटलं, आता त्या ‘पुढं बघ’ म्हणतील. त्यांनी सिनेमा थांबवायला लावला, खुर्ची पुढं ओढली आणि हिंदीत सगळं नीट, दोन्ही अर्थ, समजावून सांगितले. हिंदीत त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण सांगता सांगता मावशींनाच इतकं हसू लोटलं की भाचीनं उठून त्यांना पाणी आणून दिलं, आणि मग त्या दोघी हसत बसल्या.