दारावरचं वाळलं तोरण

मार्गशीर्षात पहाटेचा गार वारा सुटला की आमच्या गावाकडच्या घराच्या दारात बारीक खरखर ऐकू यायची. दसऱ्याला बांधलेलं तोरण तोवर पार वाळून गेलेलं असायचं. आंब्याच्या पानांच्या सुरळ्या झालेल्या, झेंडू तपकिरी पडलेला. मधे मधे खोवलेले कुरडूचे तुरे तेवढे थोडाफार रंग धरून असायचे. दिवाळीच्या आवराआवरीत लोक जुनं तोरण काढून टाकतात. आमच्या आईनं ते कधी काढू दिलं नाही. दिवाळीचं नवं तोरण जुन्याच्या खाली बांधायचं. "मिरगापातूर त्येला हात लावायचा न्हाय," असा तिचा हुकूमच होता.

गाव सांगली जिल्ह्यातलं, खानापूर तालुक्यातलं. माळरानाचा मुलूख. हिवाळ्यात आमचं घर वाळलेल्या वस्तूंनी भरलेलं असायचं. सोप्याच्या तुळईला बाजरीची निवडक कणसं टांगलेली. शेजारी वेलावरच वाळू दिलेला दुधी भोपळा, हलवला की आत बिया खुळखुळायच्या. दोडका, घोसाळी, भेंडीच्या तडकलेल्या शेंगा, लसणाच्या जुड्या. सकाळचं कोवळं ऊन सोप्यात आलं की या सगळ्याच्या सावल्या पांढरीच्या भिंतीवर हलायच्या. मी घोंगडी पांघरून तेवढंच बघत बसायचो. शोभा हा शब्द तेव्हा माझ्याकडं नव्हता, पण बघून बरं वाटायचं, एवढं खरं.

पुढं शिकायला साताऱ्यात आलो. कासचं पठार तिथून पंचवीसेक किलोमीटर. तेव्हा आजच्यासारखी गर्दी नव्हती आणि अडवायलाही कुणी नव्हतं. एका भाद्रपदात मित्रांबरोबर गेलो आणि वेडा झालो. जांभ्याच्या कातळावर वीतभरसुद्धा माती नाही, आणि त्यावर तेरड्याचा, सोनकीचा, सीतेच्या आसवांचा गालिचा. मला आवडला तो गेंद. पांढरी, गोल, बटणासारखी फुलं. ती वाळली तरी आकार सोडत नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. झालं. ओंजळ ओंजळ करत मोठी जुडी उपटली आणि सुट्टीला गावी नेली. पितळी तांब्यात घालून कोनाड्यात ठेवली. हिवाळाभर आई खूश होईल, असं मला वाटलं होतं.

आई भाकऱ्या थापून उठली, पदराला हात पुसत कोनाड्यापाशी आली. दोन बोटांत एक बटण चुरडून बघितलं.

"ह्येचं बी कुठं हाय?"

"अगं, शोभेला आणलीत ती. बी कशाला?"

"बी धरायच्या आदीच आणलंस व्हय उपटून? मग पुढल्या साली तितं काय उगवायचं?"

मी हसलो. एवढ्या अफाट पठारावरची एक जुडी! पण तिचा हिशेब चुकीचा नव्हता. कासची बरीचशी फुलझाडं एका पावसाळ्याची धनी असतात. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपून जायचं. पुढचं वर्ष सगळं त्या बियांवर. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत लागलं. आता तिथं फुलं तोडायला बंदी आहे. मी तोडली तेव्हा अशी पाटी कुठं दिसली नव्हती, म्हणून मी निर्दोष ठरतो का? आईनं पाटी न वाचताच प्रश्न विचारला होता.

तिचा नियम मला हळूहळू उमगला. जे आपलं काम उरकून वाळलंय ते घरात आणावं. वाळवण्यासाठी जितं तोडू नये. पुढं नोकरीही साताऱ्यातच लागली. जावळीच्या बाजूला फिरताना कारवीच्या कुडाची घरं पाहिली. कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते, एकदाच फुलते, बी देते आणि मरते. तिच्या वाळल्या काठ्यांच्या भिंती करून वर शेणमाती लिंपायची. वाळलेल्या झाडाच्या आडोशाला माणसं थंडीपावसात राहतात. हे आईच्या नियमात चपखल बसलं.

पण नियमाला अडचणही होती. कासच्या तळ्याकाठच्या ओलीत वायतुरा नावाची वनस्पती येते. तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला, म्हणून हे नाव. तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचं नाव आहे, ॲपोनोजेटन सातारेन्सिस. असं नाव देताना वनस्पतिशास्त्रज्ञ झाड दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून जपून ठेवतात. कुठं मिळालं, कधी मिळालं, सगळं खाली लिहितात. जितंच तोडलेलं असतं ते. पण त्या एका वाळल्या झाडामुळं बाकीची ओळखता येतात, आणि ओळख असेल तरच राखता येतात. म्हणजे तोडणं नेहमीच पाप नाही. कशासाठी तोडलं, किती तोडलं आणि मागं काय ठेवलं, हे विचारावं लागतं. माझ्या जुडीला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं. मला ती हवी होती, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी कार्तिकात आई गेली. दसऱ्याचं तोरण तिनंच गुंफलं होतं, हात थरथरत असताना. दिवस उरकल्यावर आम्ही सोप्यात बसलो होतो आणि वारा आला. खरखर झाली. कुणीच बोललं नाही.

मग दादा म्हणाला, "निर्माल्य हाय ते. कृष्णंला सोडून येऊ." मला ते पटलं नाही. नदीत आधीच काय कमी सोडलंय आपण? मी म्हणालो, "मी नेतो साताऱ्याला. काचेच्या चौकटीत बसवून घेतो. आईच्या हातचं शेवटचं आहे."

वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, राग मानू नका. आत्तींचा झेंडू गावठी. ह्या साली परड्यातली झाडं जनावरांनी खाल्ली, बी धरलं न्हाय. जे काय हाय ते ह्या तोरणातच हाय. तुम्ही काचंत घातलं तर संपलं."

"बाजारात झेंडूची रोपं मिळतात की, वहिनी."

"मिळत्यात. पर संकरित झेंडूचं बी पुढल्या साली तसंच येत न्हाय. दर साली इकतच आणायचं."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? आईची आठवण चुरडायची म्हणजे काय? पण रात्रभर झोप लागली नाही. कासच्या जुडीच्या वेळी केलं तेच मी पुन्हा करत होतो. आपल्याला डोळ्यांपुढं हवं म्हणून पुढचं तोडत होतो, आणि या वेळी त्याला माया म्हणत होतो.

सकाळी वहिनींना म्हणालो, "तुमच्याकडंच राहू द्या." त्यांनी ते मृगापर्यंत दारावरच ठेवलं. मग एकेक फूल हातावर चुरडून, राखेत घोळून, परड्यात विसकटलं. सगळं काही उगवलं नाही. पंधरा-वीस रोपं धरली. दसऱ्याला तोरणापुरती फुलं आली.

इथंच हा लेख संपवला असता तर आईचा नियम जिंकला असता. पण त्याच वर्षी तिची ट्रंक उघडली. तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत, आपट्याचं एक जोडपान निघालं. शिलंगणाचं सोनं. इतकं जुनं की हात लावला तर कडा तुटत होत्या. कुणी दिलेलं, कोणत्या दसऱ्याचं, आम्हा दोघा भावांना ठाऊक नाही. वडिलांचं असेल, तिच्या आईचंही असेल. त्या पानाला बी नाही, त्याचा कुणाला उपयोग नाही. 'ह्येचं बी कुठं हाय' म्हणणारी बाई ते आयुष्यभर जपत आली होती, आणि आम्हाला कधी दाखवलंही नव्हतं.

मी त्याचा अर्थ लावत बसलो नाही. एवढंच वाटलं की तोरणभर बी पुढं दिल्यावर एखादं पान आपल्यासाठी ठेवायला तिची ना नसावी. पण आधी बी, मग पान. ही पाळी मी दोनदा उलटी करायला निघालो होतो.

पान आता माझ्याकडं आहे, वहीत. आणि साताऱ्यातल्या फ्लॅटच्या दारावर वहिनींनी पाठवलेल्या फुलांचं तोरण आहे. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, किती वाळलंय ते, काढा की आता. नव्या वर्षाला पाहुणे येतील."

म्हटलं, "काकू, मृगापर्यंत राहू दे. तुम्हालाही बी देतो."