वाकावे कोणी?

दोन असमान माणसांना एकाच मापात राहावयाचे असेल, तर आपले माप कोणी सोडावे? थोराने की धाकट्याने? बळकटाने की दुबळ्याने? प्रश्न जुना आहे आणि घराघरातला आहे. सासू-सुनेचा आहे, बापलेकाचा आहे, दिंडीत झपाझप चालणाऱ्या तरण्याचा आणि मागे रेंगाळणाऱ्या म्हाताऱ्याचाही आहे. या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुष्कळ वर्षे दुसऱ्यांस सांगत आलो. आम्हास स्वतःला ते कळले मात्र गेल्या वर्षी, आणि तेही कोणा पंडिताकडून नव्हे, तर एका तीन चाकांच्या सायकलीकडून! वाचक हसतील. खुशाल हसावे. आम्हीही पुढे हसलोच. पण त्याआधी डोळ्यांतून पाणी आले होते, तेही सांगितले पाहिजे.

हकीगत अशी. सोलापुरात आम्ही छत्तीस वर्षे नोकरी केली ती सायकलवरून. चार वर्षांमागे घसरून पडलो आणि उजवा पाय खुब्याशी मोडला. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधले. पण पाय सव्वा सेंटीमीटर आखूड राहिला आणि दोन चाकांवरचा तोल कायमचा गेला. घरात बाई माणूस राहिले नव्हते. मुलगा नेदरलँड्समध्ये आइंडहोवन या गावी नोकरीस आहे; त्याने आम्हास आपल्याजवळ नेले. तो देश सायकलींचा. तिथे माणसांहून सायकली अधिक! रस्त्यांच्या कडेने त्यांच्यासाठी तांबडी, वेगळी वाट. शाळेची पोरे, बाजाराला निघालेल्या आज्या, कचेरीतले साहेब, सगळे सायकलवर. आणि जन्मभर सायकल हाकलेला माणूस खिडकीत बसून ते नुसते पाहणार. मुलाने आमची नजर ओळखली असावी. एके दिवशी त्याने दारात एक नवेच वाहन आणून उभे केले.

पुढे दोन चाके, मागे एक. मधे, जमिनीपासून दीड वीत उंचीवर, जाळीचे आसन. आरामखुर्चीत रेलावे तसे रेलून बसायचे आणि पाय पुढे लांब करायचे. पायडले खाली नाहीत, समोर आहेत. हँडल दोन्ही मांड्यांच्या शेजारी. वाहन बुटके, मोटारवाल्यास दिसावे म्हणून मागे उंच काठीला एक लहानशी पताका. तोल सांभाळावा लागत नाही. थांबले तरी पडत नाही. मुलाने सारा विचार करून ते घेतले होते. आणि आम्ही काय बोललो? "अरे, खाटेवर निजवून रस्त्यावर सोडतोस होय?" तो काही बोलला नाही. गुपचूप आत निघून गेला.

खरे पाहता ही लाज आमच्या एकट्याची नव्हे. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाच्या कारागिराने रेलून चालवायची दोन चाकांची सायकल बनविली. तिच्यावर बसून फ्रान्सिस फोर या स्वाराने १९३३ च्या जुलैत एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. १९१४ पासूनचा ४४.२४७ किलोमीटरचा उच्चांक मोडला. झाले काय? १९३४ मध्ये सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने सायकलीची व्याख्याच अशी बांधली, की ही तीत बसू नये! रेलून बसणारा तो सायकलस्वार नव्हेच, असे त्या मंडळींनी ठरविले. आमच्याही मनात तीच व्याख्या ठाण मांडून होती. असो.

आता या वाहनाची एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढचा सारा विचार तिच्यावर उभा आहे. साध्या सायकलीचे आसन वरखाली करून माप जुळवितात. इथे आसन बहुधा जागेवर राहते आणि पायडले ज्या पुढच्या नळीवर असतात ती नळी आतबाहेर सरकवितात. टाच पायडलवर ठेवली असता गुडघा जवळजवळ सरळ व्हावा. म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यास किंचित बाक राहतो. हे योग्य माप. नळी फार जवळ राहिली तर गुडघा पुढून दुखतो. फार लांब गेली तर गुडघ्यामागची शीर ओढते आणि प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे हेलकावते. पाय दोन, पण नळी एकच. एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरे, अशी सोय तीत नाही.

आम्ही नळी लावली ती डाव्या, धडधाकट पायाच्या मापाने. विचार करून लावली असेही नाही, सहज लावली. धडधाकटाचे माप तेच सगळ्यांचे माप, हे कोणी न शिकविताही आपण धरून चालतो! आठ दिवसांत कंबर धरली. मग रोज पाना हाती घेऊन बसायचे: आज नळी बाहेर, उद्या आसनाची पाठ उभी, परवा दोन्ही एकदम. एका वेळी चार गोष्टी बदलल्यावर गुण कशाचा आणि दोष कशाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दुखणे मात्र आपली जागा बदलून हजर!

एके दिवशी तर कहरच झाला. या वाहनाची साखळी साध्या सायकलीच्या अडीच-तीन पट लांब असते. नळी एक बोट पुढे सरकविली तर साखळी दोन बोटे वाढवावी लागते, कारण ती जाते आणि परत येते. हे आम्हास ठाऊक नव्हते. नळी दोन बोटे ओढली, साखळी तशीच ठेवली आणि निघालो. वाटेत गिअर बदलताच साखळी ताठ झाली, मागचा गिअरचा दांडा ओढला गेला आणि पायडले जागच्या जागी अडकली. पाऊस सुरू झालेला. मुलाला फोन केला. तो काम टाकून आला. त्याला पाहताच आम्ही ओरडलो, "तुझ्या या खेळण्यानं माझी कंबर मोडली!"

तो भिजत उभा होता. हळूच म्हणाला, "नाना, तुम्हाला माझं काहीच जुळत नाही."

त्या रात्री झोप आली नाही. सायकलीचे नव्हतेच ते बोलणे. दोन वर्षे आम्ही त्याच्या घरी राहत होतो. जेवणाची वेळ त्याने बदलली होती. न्हाणीघरात धरायला दांडा बसविला होता. मित्रांकडे जाणे कमी केले होते. यातले काहीच आम्ही मोजले नव्हते. चहा कोमट झाला होता, ते तेवढे मोजले होते. अंधारात डोळ्यांना पाणी आले ते तेव्हा.

शनिवारी दोघे दुकानात गेलो. काम करणारा पोरगा विशीतला. त्याने आम्हास बाकावर आडवे केले, दोन्ही पाय मापले, मग वाहनावर बसवून पायडले फिरवायला लावली आणि बाजूला बसून नुसते पाहत राहिला. मग आपल्या भाषेत काही बोलला. मुलगा मराठीत सांगू लागला आणि सांगता सांगता थांबला. आम्ही म्हटले, "काय म्हणतो?" तो म्हणाला, "तो म्हणतो, माप आखूड पायाचं धरू. लांब पायाला वाकता येतं. आखूड पायाला ताणून लांब होता येत नाही."

वाचकहो, एवढेच वाक्य. पण आमच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि त्याहून जुन्या संसारात आम्ही ते कधी धरले नव्हते. ज्याला वाकता येते त्याने वाकावे. यात बळकटाचा पराभव नाही. वाकण्याची शक्ती त्याच्यापाशी आहे, म्हणूनच त्याने वाकायचे. दुबळ्यास 'तूही ताठ हो' म्हणणे दिसायला न्यायाचे, पण त्याने दुबळा तर मोडतोच, आणि सारी कंबर वाकडी होऊन बळकटही सुखी राहत नाही.

कोणी म्हणेल, मग काय बळकटाने वाकतच राहावे? दुबळ्याने नुसते बसून खावे? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तरही त्या पोराने दिले होते. लांब पाय फार वाकविला तर त्याचा गुडघा दुखतो. म्हणून त्याने नळी सगळी आत घेतली नाही. थोडी घेतली, आणि उरलेले अंतर भरून काढण्यास आमच्या उजव्या बुटाला जाड तळ लावून घ्यावयास सांगितले. लांब पायाने थोडे वाकावे आणि आखूड पायाने तळ चढवावा. तळ जड लागतो, घालायला लाज वाटते, पण तेवढे आखूड पायाचे कर्तव्य आहे. ते न करता केवळ दुसऱ्याच्या वाकण्यावर जगणे हेही पाप. आणि हाड मात्र कोणी ओढू नये. पान्याने फिरते ते फिरवावे; हाडाला पाना लावू नये.

पुढचे जुळणे सावकाश झाले. एका वेळी एकच बदल, आणि त्यावर आठ दिवस थांबणे, हा नेम केला. मांड्यांचे नवेच स्नायू दुखून बसले. जोर लावून चालविण्याची जुनी खोड सोडून हलक्या गिअरवर भराभर पाय फिरवायला शिकलो. पाय निसटून खाली गेला तर वाहनाखाली सापडतो, म्हणून पायडलवर पट्टे बांधू लागलो. पुढच्या दोन चाकांचे ब्रेक दोन हातांत वेगळे. एकच दाबला तर वाहन त्या बाजूस ओढते. दोन्ही हात सारखे दाबायचे, हेही शिकलो.

आता शेवटची गोष्ट. आइंडहोवनच्या वेशीवर, वेल्डहोवनकडे जाताना, सायकलींसाठी एक वर्तुळाकार पूल आहे. त्याला होवनरिंग म्हणतात. ७० मीटर उंचीच्या एका खांबाला २४ पोलादी दोरांनी टांगलेला, ७२ मीटर व्यासाचा. २०११ च्या अखेरीस तो खुला केला तेव्हा वाऱ्याने दोर थरथरू लागले. पूल बंद ठेवून त्यांचा कंप शमविण्याची योजना केली आणि २०१२ मध्ये तो पुन्हा खुला झाला. नव्या वस्तूला जुळायला वेळ लागतो, तो एवढ्या मोठ्या पुलालाही लागला! पण आम्हास भावली ती दुसरीच गोष्ट. सायकलवाल्यांना चढ फार पडू नये म्हणून खालचा मोटारींचा चौरस्ताच दीड मीटर खाली घेतला आहे. मोटारीला चढउताराचे काय? तिला वाकता येते.

त्या चढावर एका संध्याकाळी आम्ही दोघे निघालो. आम्ही सगळ्यात हलक्या गिअरवर, मुंगीच्या पावलाने. तीन चाकांना हळू जाण्याचे भय नाही. पडायचे नाही, थांबले तरी चालते. शेजारी मुलगा त्याच्या दोन चाकांवर. इतक्या हळू त्याला तोल राहीना, सायकल डगमगू लागली. तो काही न बोलता उतरला आणि सायकल हातात धरून आमच्याबरोबर चालू लागला. तेव्हा आमच्या ध्यानात आले की इथे आखूड पाय त्याचा आहे. हळू जाणे आम्हास साधते, त्याला साधत नाही. जन्मभर आम्ही बाप म्हणून लांब, आणि म्हातारपणी दुबळे म्हणून आखूड, असे समजत होतो. तसे नसते. प्रत्येक जण एका बाबतीत लांब असतो आणि दुसरीत आखूड. कुठे आपण कोण, हे ओळखणे एवढाच विवेक.

आम्ही गिअर एक वर घेतला आणि जरा जोर लावला. "बस रे सायकलवर," म्हटले. तो बसला. दम लागला खरा, पण कंबर दुखली नाही. वर पोचलो तेव्हा तो म्हणाला, "नाना, जमलं की!"

कोणाचे जमले, ते त्याने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.