टाळीचे ऋण

माणूस तीन ऋणे घेऊन जन्माला येतो, असे आपली परंपरा मानते: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. कलावंताच्या खात्यावर मात्र आपण न बोलता चौथेही मांडतो, ते टाळीचे. आम्ही तुला डोक्यावर घेतले, आता तेच पुन्हा दे. संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’ ही या ऋणाची लाडिक वसुलीच. पण असे ऋण खरोखर असते का?

कॅनडाच्या अॅलानिस मॉरिसेटची हकिकत या प्रश्नाला थेट भिडते. स्वतःची गाणी लिहून गाणाऱ्या या मुलीचा ‘जॅगेड लिट्ल पिल’ हा अल्बम १९९५ साली आला. त्यातला दुखावलेला, संतापलेला स्वर जगाला इतका आपला वाटला, की ३ कोटींहून अधिक प्रती खपल्या. १९९६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

यानंतर ती थांबली. भारतात येऊन गेली. नोव्हेंबर १९९८ मध्ये पुढचा अल्बम आला, ‘सपोज्ड फॉर्मर इन्फॅच्युएशन जंकी’. १७ गाणी, सत्तर मिनिटांहून अधिक लांबी. एक गाणे तर जुन्या प्रियकरांना लिहिलेल्या, न धाडलेल्या पत्रांचेच. ‘थँक यू’ या गाण्यात ती भारताचे आभार मानते, आणि भीतीचे व भ्रमनिरासाचेही. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात साडेचार लाखांहून अधिक प्रती गेल्या. पण आधीच्या अल्बमचा पल्ला याला कधीच गाठता आला नाही. अनेकांना तोच जुना संताप हवा होता.

त्या मागणीत प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? दौऱ्यावर आलेल्या नाटक मंडळीकडे आपणही जुनेच पद मागतो, कारण त्या पदात आपले स्वतःचे दिवस साठवलेले असतात. पण एक गोष्ट विसरली जाते. १९९५ पूर्वी अॅलानिसचे दोन अल्बम कॅनडात निघाले होते, १९९१ आणि १९९२ साली; नाचऱ्या, गुळगुळीत पॉप गाण्यांचे. त्या श्रोत्यांचे ऋण तिने शिरसावंद्य मानले असते, तर ज्या अल्बमवर जगाने जीव टाकला तो जन्मालाच आला नसता. म्हणजे आज ज्याची पुनरावृत्ती मागायची, तोच मुळात एका जुन्या मागणीला दिलेला नकार होता.

म्हणून कलावंत सर्वस्वी मोकळा, असे नव्हे. बदल केला एवढ्यानेच कृती थोर ठरत नाही. नावीन्याचाही सवंग बाजार असतो. श्रोत्याने दिलेला वेळ आणि विश्वास खरा असतो. त्याच्या बदल्यात त्याला एकच मागता येते: खोटे गाऊ नकोस. ज्याचा राग निवला आहे त्याने रागाचे सोंग आणून टाळी घेतली, तर ती ऋणफेड नव्हे. ती रसिकाची फसवणूक.

आणि रसिकाचे काय? त्याने पैसे मोजले आणि गाणे घेतले. तो व्यवहार तिथेच पुरा झाला. त्यापलीकडे मनात जे उरले ती कृतज्ञता, आणि कृतज्ञता वाटते ती घेणाऱ्याला. तेव्हा गाणे जर आपल्याला खरोखर लाभले असेल, तर त्या खात्यात ऋणको आपणच आहोत. नवे, अनोळखी गाणे एकदा शेवटपर्यंत ऐकून घेणे, हा त्यातला निदान पहिला हप्ता.