दुसरं टोक

इलेक्ट्रॉनिक सिटीत माझ्याकडे राहणारा भाचा मित्रांबरोबर, पैसे न लावता, फँटसी क्रिकेट खेळतो. खेळाडू वर्षानुवर्षं राखायचे. तो म्हणाला, “आत्या, दर सामन्यात चाळीस करणारा कशाला राखू? शतकवाला हवा.”

मला याच शहरात वाढलेला, मराठी घरातला द्रविड आठवला. २००१ साली ईडनवर लक्ष्मणच्या २८१ धावा सगळ्यांच्या लक्षात आहेत. ३७६च्या भागीदारीत दुसरं टोक द्रविडनं धरलं होतं. फँटसीत गुण धावांना मिळतात, टोक धरण्याला नाही.

पुण्यात आईचं औषधपाणी रोज भाऊ बघतो. मी दिवाळीला जाते, कौतुक माझं होतं. सातत्याची किंमत आपल्याला कळत नाही असं नाही. मोजली तर देणं निघेल, म्हणून आपण ती मोजत नाही.