हुकूम कुणाला सोडायचा?

मतदान न करणाऱ्यांना दंड करा, अशी मागणी दर निवडणुकीनंतर होते. २०२४ च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत जेमतेम निम्मे मतदार घराबाहेर पडले. त्याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये लोक जंगलवाटा तुडवत केंद्रावर गेले आणि मतदान ७० टक्क्यांच्या पुढे पोहोचले. हे आकडे शेजारी ठेवले की संताप येतो, आणि तो रास्तच आहे. पण संतापातून केलेला कायदा नेमका कुणाला जाऊन लागतो, ते आधी पाहायला हवे.

गुजरातने असा कायदा केला. २००९ मध्ये विधानसभेने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मतदान सक्तीचे केले. राज्यपालांनी मंजुरी रोखली. अखेर २०१४ मध्ये ती मिळाली. पुढच्या वर्षी नियमांत शंभर रुपये दंड ठरला आणि त्याच ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली. केंद्रीय विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात सक्तीच्या विरोधात मत दिले. असा दंड आपल्याकडे लागला, तर दक्षिण मुंबईत मलबार हिलवरचा माणूस शंभर रुपये सहज भरेल आणि पुन्हा घरीच बसेल. मग धाक उरतो तो कुणाला?

बीड जिल्ह्यातला कोयता घ्या. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेऊन ही जोडी दिवाळीच्या सुमारास गाव सोडते, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याजवळ कोपी घालून राहते आणि उन्हाळा लागल्यावर परतते. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे ऐन गळीत हंगामाच्या तोंडावर. मत द्यायला गावी जायचे तर एसटीचे भाडे लागते, तोडीचा खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे मुकादम हिशेबात कापून घेतो. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण दूरच्या फडात उभ्या असलेल्या बाईला त्या एका दिवसाचा काय उपयोग? सक्तीच्या कायद्यात या बाईला सूट ठेवता येईल, हे खरे. पण सूट मिळाली म्हणून तिचे मत पेटीत पडत नाही. ती मतदानाला मुकली हा तिचा कसूर मानायचा आणि मग तो माफ करायचा, हा उफराटा न्याय झाला.

सक्तीचे समर्थक ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवतात. तिथे १९२४ मध्ये कायदा झाला आणि साठ टक्क्यांच्या आत असलेले मतदान पुढच्याच निवडणुकीत नव्वदच्या वर गेले. हे यश खरे आहे. पण त्याचे श्रेय एकट्या दंडाला देता येत नाही. तिथे शनिवारी मतदान होते, ते आधीच्या दिवसांत किंवा टपालानेही करता येते, आणि आपल्या राज्यातल्या दुसऱ्या गावी असलात तरी तिथल्या केंद्रावर मत देता येते. दुर्गम वस्त्यांपर्यंत फिरती पथके जातात. मतदाराला हुकूम सोडताना सरकारने स्वतःवरही बंधन घालून घेतले. (ज्या वर्षी हा कायदा झाला, तेव्हा बहुतेक मूलनिवासींना संघीय निवडणुकीत मताचा अधिकारच नव्हता, तो सर्वांना मिळायला १९६२ उजाडले. कुणावर सक्ती करायची हे ठरवताना कुणाला मोजायचे हेही ठरत असते.)

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ‘नोटा’चा पर्याय दिला, तेव्हा मत न देणे हीदेखील अभिव्यक्ती असल्याचे मान्य केले. विचार करून घरी राहणाऱ्याचा तो अधिकार मी मानतो. आळसाने घरी राहणाऱ्याबद्दल मला सहानुभूती नाही, पण या दोघांना वेगळे ओळखणारा अधिकारी कुठून आणणार?

म्हणून सक्ती आधी यंत्रणेवर हवी. सैनिकांना आणि निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना टपाली मत आहे. २०२४ पासून ८५ वर्षांवरच्या वृद्धांना लोकसभेलाही घरी बसून मत देता येऊ लागले. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना निवडणूक आयोगाने २०२३ च्या जानेवारीत राजकीय पक्षांसमोर मांडला. विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या आणि विषय तिथेच थांबला. हरकती गंभीर होत्या. परराज्यातल्या केंद्रावर पक्षाचा प्रतिनिधी कोण बसवणार, आचारसंहिता कशी लागू करणार, हे प्रश्न सोडवावेच लागतील. पण बीडचा मतदार सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यावर असताना त्याच राज्यात, त्याच निवडणुकीत, टपाली मताची सोय करायला परराज्याची अडचण येत नाही. कोणत्या कारखान्यावर कोणती टोळी आली आहे, याची नोंद कारखान्याकडे असतेच. येत्या हंगामात अशा दोन-चार कारखान्यांच्या आवारात ही सोय करून पाहावी, आणि तिथे किती कोयते येतात ते मोजावे.