लेखी आज्ञेचें मोल

कुंडलिकेच्या कांठीं वसलेल्या रोह्यांत चिंतामणराव देशमुखांचें बालपण गेलें. पुढें १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि त्यांच्याच कारकीर्दींत, १ जानेवारी १९४९ रोजीं, ती बँक सरकारी मालकीची झाली. लोकहितास्तव सरकारनें बँकेला आज्ञा द्यावी, परंतु ती गव्हर्नरांशीं विचारविनिमय केल्यावर द्यावी, असें तिच्या कायद्यांत आहे.

यावर कोणी म्हणेल, सरकार लोकांनींच निवडलेलें. मग त्याच्या हुकुमाला हस्तक्षेप कां म्हणावें? आक्षेप सबळ आहे. आमचें उत्तर इतकेंच कीं, उघड आज्ञा आणि कानांतली कुजबूज या दोन निराळ्या वस्तु आहेत. इतकीं वर्षें आम्ही कॉलेजांत शिकवीत आलों. अमक्याचे गुण वाढवा, असा निरोप लेखी आम्हांस कधींच आला नाहीं. तोंडीं मात्र पुष्कळ आले.

देशमुख अर्थमंत्री असतां १९५६ च्या जानेवारींत आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणास आरंभ झाला. त्यांतून निघालेल्या महामंडळानें जून १९५७ मध्यें मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारें सव्वा कोटीचे भाग घेतले. फिरोज गांधींनीं लोकसभेंत जाब विचारला. न्यायमूर्ति छगलांनीं १९५८ सालीं मुंबईंत भर लोकांसमक्ष चौकशी केली. संमति कोणाची, याविषयीं मंत्री एक सांगत, सचिव दुसरें. कारण लेखी आज्ञाच नव्हती! अखेर मंत्री कृष्णम्माचारींनीं राजीनामा दिला. सरकारनें अशा मंडळांच्या कारभारांत ढवळाढवळ करूं नये, आणि करावयाचीच तर लेखी आज्ञेची जबाबदारी टाळूं नये, असें छगलांनीं बजाविलें.

परंतु केवळ मोकळीक दिल्यानेंहि भागत नाहीं. शेजारच्या पेण येथील अर्बन सहकारी बँकेवर २०१० सालीं निर्बंध आले, आणि कित्येक कुटुंबांची आयुष्याची पुंजी अडकली. अशा बँकांवर त्या वेळीं राज्याचें सहकार खातें व रिझर्व्ह बँक अशी दुहेरी देखरेख असे. पहारेकरी दोन असले, तर चोरीनंतर प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवितां येतें.

तेव्हां स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व हीं एकमेकांचीं वैरी नव्हेत. आज्ञा करणाऱ्याचें नांव कागदावर असलें, म्हणजे अधिकाऱ्याला संरक्षण मिळतें आणि नागरिकाला जाब विचारण्यास ठिकाण मिळतें. ठेवीच्या पावतीवरील सही आपण निरखून पाहतों. तीच सही राज्यकर्त्यांच्या इच्छेखालींहि मागण्यास आपण शिकलें पाहिजे.